१९६८ ची जीटीओ घरी आणली त्याची गोष्ट

मी मिशिगनमध्ये राहते, ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. एप्रिल २०२४ मध्ये मी छप्पन्न वर्षांची जुनी गाडी विकत घेतली. १९६८ ची पॉन्टिअक जीटीओ, आधीच्या मालकाने रिस्टोर केलेली, म्हणजे खोलून पुन्हा नव्यासारखी केलेली. घ्यायच्या आधी पाच महिने मी माहिती शोधत होते. इंग्रजीत ढीगभर सापडली, पण आपल्या माणसाने आपल्या अडचणींसह सांगितलेलं काही मिळालं नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

ओढ जुनीच. सांगलीला बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती. रविवारी सकाळी बाबा कार्ब्युरेटर उघडायचे आणि टॉर्च धरायचं काम माझं. टॉर्च हलला की ओरडा बसायचा. पुढे नोकरी निमित्ताने डेट्रॉईटच्या उत्तरेला आले. पॉन्टिअक शहर घरापासून वीस मिनिटांवर. ज्या गावाचं नाव गाडीला होतं ते गाव आहे आणि ती गाडी बनायची बंद झालेली, हे दर वेळी तिथून जाताना जाणवायचं. जनरल मोटर्सने २००९ मध्ये आपला पॉन्टिअक हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा मी इथेच होते. ऑफिसातल्या जुन्या माणसांचे त्या दिवशीचे चेहरे मला आठवतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नवऱ्याशी बसून बजेट ठरवलं: गाडीला चाळीस हजार डॉलर, आणि त्याशिवाय पाच हजार बाजूला. ते पाच हजार पहिल्या वर्षात लागणारच असं समजून चाला. अर्धवट खोललेली गाडी निम्म्या किमतीत मिळते, पण ती पुरी करायला लागणारी जागा आणि वर्षं माझ्याकडे नव्हती. कुणीतरी निगुतीने केलेलं काम घ्यायचं आणि पुढे सांभाळायचं, एवढंच मनात होतं.

डिसेंबरात पहिला धडा मिळाला. दुसऱ्या राज्यातल्या एका डीलरकडे लाल जीटीओ दिसली. फोटो देखणे, किंमत छत्तीस हजार. मी चासी नंबर मागितला. तीन दिवस टाळाटाळ झाली आणि चौथ्या दिवशी नंबर आला. सुरुवात होती २३७ पासून.

इथे थोडा इतिहास सांगावा लागतो, कारण तो थेट पैशाशी जोडलेला आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या साथीदारांनी १९६४ मध्ये टेम्पेस्ट या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन घातलं. वेगळं मॉडेल म्हटलं तर परवानगी लागली असती, म्हणून ते टेम्पेस्ट लेमान्सवरचं जादा पॅकेज म्हणून विकलं. तीच जीटीओ. मसल कार (साध्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन) म्हटलं की बहुतेक लोक सुरुवात तिथूनच मोजतात. म्हणून १९६४ आणि ६५ च्या गाडीचा चासी नंबर पाहून ती खरी जीटीओ आहे की नाही हे कळत नाही. १९६६ पासून मात्र तिला स्वतःची मालिका मिळाली आणि नंबर २४२ पासून सुरू होऊ लागला. २३७ म्हणजे लेमान्स. ती लाल गाडी म्हणजे लेमान्सला जीटीओचे बिल्ले आणि बॉनेट लावलेलं प्रकरण होतं. तशी गाडी घेण्यात काहीच वाईट नाही, पण ती तशी म्हणून आणि त्या किमतीत घ्यावी. जाहिरातीत याचा एक शब्दही नव्हता.

तेव्हापासून नियम केला: आधी नंबर, मग फोटो. १९६८ पासून नंबर पुढच्या काचेतून, ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर दिसतो. तो तेरा अंकी-अक्षरी असतो. एखादा विकणारा तो द्यायला कांकू करत असेल तर पुढे वेळ घालवू नका.

जानेवारीच्या अखेरीस ओहायोत डेटनच्या जवळ एक गाडी दिसली. रंग व्हर्डोरो ग्रीन, गडद हिरवा, उन्हात सोनेरी झाक मारणारा. ४०० घनइंचांचं इंजिन, चार गिअरची मन्सी पेटी, हर्स्टचा गिअर दांडा. मागणी चव्वेचाळीस हजार. फोन लावला तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ बोलले, आयुष्यभर डायमेकर म्हणून, म्हणजे कारखान्यासाठी साचे बनवण्याचं काम केलेले. नंबर त्यांनी विचारायच्या आधीच वाचून दाखवला. २४२ पासून सुरू, आणि कारखान्याच्या जागी पी, म्हणजे गाडी पॉन्टिअक शहरातच बनलेली. त्या पी अक्षरावर माझा जीव अडकला हे कबूल करते.

त्याच रात्री पॉन्टिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे नंबर पाठवला. कारखान्याच्या मूळ बिलांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. शंभर डॉलरच्या आसपास खर्च आला आणि चार दिवसांत नोंदीची प्रत ईमेलवर आली. इंजिन, गिअरपेटी, जादा सामान सगळं जुळलं. एकच गोष्ट जुळली नाही, ती म्हणजे रंग. कागदावर होता मेफेअर मेझ, मक्याच्या पिठासारखा फिकट पिवळा. मी फोन केला. ते म्हणाले, "हो, पिवळी होती. माझ्या बायकोला हिरवी हवी होती. जाहिरातीत लिहायला हवं होतं, राहून गेलं." मला ते उत्तर आवडलं. रंग बदललेला असला की किंमत थोडी खाली येते. पुढे घासाघीस करताना हा मुद्दा माझ्या बाजूने होता.

९ मार्चला बघायला गेलो. साडेतीन तासांचा रस्ता. मी पर्समध्ये टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला होता. चुंबक त्या कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली असते. या गाड्या मागच्या चाकामागे खालच्या बाजूला, डिकीच्या तळाला आणि मागच्या काचेच्या खालच्या कडेला सडतात. काचेखाली पाणी साठतं, तिथून डिकीत उतरतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. मी डिकीत अर्धी आत शिरून टॉर्च मारला. तळ कोरा होता. डाव्या मागच्या चाकामागे मात्र तळहाताएवढ्या जागेत चुंबक सैल धरत होतं. विचारल्यावर आजोबांनी (मनात मी त्यांना आजोबाच म्हणायला लागले होते) एक जाडजूड फाईल उघडली आणि त्या जागेचा फोटो काढून दाखवला. कापलेला पत्रा, नवीन जोडलेला तुकडा, त्यावर लांबीचा पातळ हात.

ती फाईल म्हणजे अर्धी गाडी होती. २००३ ते २००६ मधली प्रत्येक पावती, प्रत्येक फोटो. चासी उघडी करून रंगवलेली, इंजिन बाहेर स्टँडवर, आणि एका फोटोत त्यांची पत्नी सीटचं कापड ताणून धरते आहे. त्या २०१९ मध्ये गेल्या. त्यांच्यानंतर गाडी फार चालली नाही. हे सांगताना ते फोटोकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते.

आणि याच फाईलने मला जे शिकवलं ते या सगळ्या लिखाणातलं सगळ्यात कामाचं आहे. रिस्टोरेशनलाही वय असतं. गाडी १९६८ ची हे सगळ्यांना दिसतं, पण तिचं रबर, होस, सील हे २००५ च्या आसपासचे आणि टायरही जुनेच असतात हे चकचकीत रंगामुळे विसरायला होतं. टायरच्या बाजूला एक चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. इथे होता २२११. म्हणजे २०११ चा बाविसावा आठवडा. नक्षी जवळपास नवी, आणि टायर बारा वर्षं जुना. असा टायर महामार्गावर फुटू शकतो. ब्रेकचे रबरी होस तर पावतीप्रमाणे २००४ चे.

इंजिन आधी गरम करून ठेवू नका, अशी विनंती मी फोनवर केली होती. बॉनेटवर हात ठेवला, थंडगार. एकदा ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबून सोडायचा, की चोक आपोआप बसतो. मग चावी. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं आणि तो आवाज कानाआधी पोटात आला. मी वीस वर्षं गाड्यांच्या धंद्यात आहे. तरी हात थरथरत होते.

दोन गोष्टी विचारायच्या असतात. एक, इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतलं पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा. मूळ इंजिनाचा १०.७५ आहे आणि त्याला आजचं पंपावरचं पेट्रोल पुरत नाही, ठोका मारतं. फाईलमधल्या बिलावर पिस्टन बदलून तो नऊच्या आसपास आणल्याची नोंद होती, म्हणजे प्रीमियम पेट्रोल चालणार. दोन, इंजिनावरचा शिक्का. पुढच्या बाजूला उजव्या हेडखाली चिंधीने तेल पुसलं तर डब्ल्यूटी ही दोन अक्षरं निघाली. हाताच्या गिअरच्या ३५० अश्वशक्तीच्या इंजिनाची तीच खूण.

चालवून बघताना ब्रेक सोडला तरी पुढचं डावं चाक क्षणभर धरून राहत होतं. हे माझं रोजचं काम असल्यामुळे लगेच कळलं: होस आतून फुगून बंद होत आला होता, दाब पुढे जात होता आणि परत येत नव्हता. चारही चाकांना ड्रम. आजच्या गाडीच्या सवयीने पुढच्याच्या मागे चिकटून चालवली तर थांबणार नाही. घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते, पहिला खर्च थांबण्यावर करा.

टायर, होस, रंगातला फरक, पुढच्या बंपरवरच्या केसासारख्या चिरा (१९६८ चा हा बंपर एंड्युरा नावाच्या लवचीक पदार्थाचा आहे आणि गाडीच्याच रंगात रंगवलेला असतो, त्यामुळे रंग जुना झाला की चिरतो) हे सगळं समोर ठेवून मी साडेअडतीस हजार म्हटलं. आजोबा उठून गाडीभोवती एक फेरी मारून आले. साडेएकोणचाळीसला जुळलं.

पुढचा महिना कागदांचा. आधी विमा. साध्या पॉलिसीत जुन्या गाडीची किंमत घसारा लावून धरतात, त्याचा काही उपयोग नाही. "ॲग्रीड व्हॅल्यू" हेच शब्द वापरून मागा: किंमत आधीच ठरते आणि गाडी पूर्ण गेली तर तेवढी मिळते. बंद गॅरेज आणि घरातल्या प्रत्येक लायसन्सधारकाला रोजची वेगळी गाडी असल्याचं दाखवावं लागलं. फोटो पाठवल्यापासून पॉलिसी हातात यायला सहा दिवस लागले. हप्ता माझ्या रोजच्या गाडीच्या पाव भागापेक्षाही कमी.

१२ एप्रिलला परत ओहायो. तिथे टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, विकणाऱ्याची सही नोटरीसमोरच व्हावी लागते. म्हणून आम्ही त्यांच्या बँकेतच भेटलो, माझा बँकेचा चेक तिथेच त्यांनी तपासून घेतला. आणि इथे गोंधळ झाला. टायटलच्या मागे माझं आडनाव लिहिताना आजोबांच्या हातून एक अक्षर गळलं, त्यांनी ते वरून गिरवून दुरुस्त केलं. नोटरी बाईंनी पेन खाली ठेवलं. खाडाखोड झालेलं टायटल बाद. आजोबांचा चेहरा उतरला, माझाही. मग काउंटीच्या टायटल ऑफिसात जाऊन डुप्लिकेट काढलं. नशिबाने त्याच दिवशी छापून मिळालं, खर्च किरकोळ, पण दोन तास गेले. आपली आडनावं लांब असतात. ठळक अक्षरांत कागदावर लिहून न्या, समोर ठेवा, आणि लिहिताना शेजारी उभे राहा.

गाडी बंद ट्रेलरमधून आणली, सहाशे पन्नास डॉलर. असल्या ब्रेकवर चालवत आणायचा विचारही केला नाही. ट्रेलरची दारं लागली तेव्हा आजोबांनी फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता पुढची पानं तुझी." मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांना ते काय ते कळलं नसेल, पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मिशिगनमध्ये पंधरा दिवसांत टायटल आपल्या नावावर करावं लागतं, नाहीतर दंड. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात (इथलं आरटीओच म्हणा) अपॉइंटमेंट घेऊन जा, मला नऊ दिवसांनंतरची मिळाली. सहा टक्के कराचे २,३७०, टायटलचे १५, आणि ऐतिहासिक वाहनाच्या नंबरपाटीचे ३०. ही पाटी पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला मिळते आणि दहा वर्षं चालते. पण ती प्रदर्शनं, क्लबच्या फेऱ्या, मिरवणुका यांच्यासाठी असते, रोज ऑफिसला जाण्यासाठी नाही. ऑगस्टमध्ये मात्र खुशाल चालवा. रोज चालवायची असेल तर साधी पाटी घ्या. काउंटरवर सही करायच्या आधी हे घरीच ठरवून जा.

मे महिना गॅरेजमध्ये गेला. होस आणि चाकांचे ब्रेक सिलिंडर ३८० डॉलर, मी स्वतः बदलले. चार टायर नऊशे. ऑइल घालताना जस्त जास्त असलेलं बघून घेतलं, कारण या जुन्या कॅमशाफ्टला ते लागतं, आजच्या साध्या ऑइलने तो घासून जातो. मग नवीनच तक्रार सुरू झाली. गाडी चार दिवस उभी राहिली की लागायलाच तयार नाही, आणि गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास. बाबांना व्हिडिओ कॉल केला. वय एकोणऐंशी, पण कार्ब्युरेटर म्हटलं की उठून बसले.

"अगं, पेट्रोल जातंय कुठे ते बघ. वाटीत राहत नाहीये."

"वाटी भरलेली असते बाबा, पण चार दिवसांनी कोरडी."

"मग खालून गळतंय. बुचं बघ."

माझ्या गाडीतला क्वाड्राजेट कार्ब्युरेटर बाबांनी जन्मात पाहिलेला नाही. पण निदान बरोबर होतं. रोचेस्टरच्या या कार्ब्युरेटरच्या तळाला छोटी बुचं असतात, ती जुनी झाली की पेट्रोल हळूहळू इंजिनात झिरपतं. काम जाणणाऱ्या माणसाकडे पाठवला. चारशे पंचवीस डॉलर आणि पाच आठवड्यांची वाट. जूनमधले सगळे छान रविवार गाडी जागेवर उभी होती. या काळात खूप निराश झाले होते, चूक केली का असंही एकदा वाटलं.

त्याच काळात एक गोष्ट सापडली. डिकीचं जुनं रबर काढून नवीन बसवताना त्याच्या खाली, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, पिवळा रंग दिसला. मेफेअर मेझ. वर हिरवा, त्याच्या कडेला राखाडी प्रायमरची रेघ आणि आत तो १९६८ चा पिवळा. मी तेवढा भाग तसाच ठेवला आणि रबर वरून बसवलं.

१३ जुलैला गाडी पहिल्यांदा मनासारखी धावली. हा कार्ब्युरेटर निम्म्या वेळी पुढच्या दोन लहान वाटांवरच चालतो, तेव्हा गाडी अगदी शहाणी असते. पाय खाली दाबला की मागच्या दोन मोठ्या वाटा उघडतात आणि आवाज बदलतो, खोल, घशातून आल्यासारखा. लेक शेजारी बसली होती. ती एरवी कानातून इयरफोन काढत नाही, तेव्हा काढले. पेट्रोल म्हणाल तर गॅलनला बारा मैल. शक्य असेल तिथे इथेनॉल नसलेलं भरते, जुन्या रबराला तेच बरं.

१७ ऑगस्टला वुडवर्ड ड्रीम क्रूझ. दर वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते, १९९५ पासून. फर्नडेलपासून पॉन्टिअकपर्यंत वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची रांग लागते आणि दोन्ही बाजूंना माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. जायचं तर सकाळी सातच्या आत जा. दुपारी गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, इंजिन तापतं आणि क्लच दाबून पाय भरून येतो. मी दहाला पोचले, ती चूक झाली. तापमानाचा काटा बघत रॉयल ओकला बाजूला घेतली. तिथे सत्तरी पार केलेले एक गृहस्थ आले. या भागात साठच्या दशकात रॉयल पॉन्टिअक नावाची डीलरशिप होती, जीटीओ जास्त वेगवान करून द्यायला प्रसिद्ध. ते तरुणपणी तिथे गाड्या धुवायचे. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, बराच वेळ नुसते बघत राहिले, आणि जाताना दाराची कड हाताने पुसून गेले.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. अंगणातले झेंडू तोवर तग धरून होते. गॅरेजमध्ये बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, स्टीअरिंगला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. दोन आठवड्यांत गाडी झोपवायची होती, कारण नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं आणि मीठ म्हणजे गंज. टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर, बॅटरीला चार्जर, सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी म्हणजे उंदीर शिरत नाहीत. घासणी घातल्याची चिठ्ठी स्टीअरिंगला चिकटवायला विसरू नका.

पूजेला बाबा फोनवर होते. आरती झाल्यावर म्हणाले, "सुरू कर बघू. फोन इंजिनाजवळ धर." धरला. ते मिनिटभर काही बोलले नाहीत.

"आठ सिलिंडरांतलं एक मधूनच चुकतंय."

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकेक करून तपासलं. सहा नंबरच्या प्लगवरची वायरची टोपी सैल होती.